विठाकाकूच्या निळ्या

विठाकाकूशी माझी ओळख भांडणातून झाली आणि खरं सांगायचं तर ते भांडण अजून संपलेलं नाही. मी तिच्या शेताच्या बांधावर उभी राहून म्हणाले, "केवढी छान मोकळी जागा आहे हो!" तशी ती वाफ्यातून ताठ उभी राहिली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मोकळी? मग ही वांगी काय तुला हवेत लटकलेली दिसतात?" मी गप्प झाले. मला गप्प करणं अंबरनाथच्या कारखान्यात माझ्या एकाही साहेबाला जमलं नव्हतं.

मी कुमुदिनी. बुवापाड्यात वाढले, कारखान्याच्या टाइम ऑफिसात टायपिस्ट म्हणून चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, डोकं फिरतं माझं. रिटायर झाल्यावर विठ्ठलवाडीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून दिवस ढकलायचे नव्हते, म्हणून मी गुरुदत्त साहेबांच्या नादी लागले. हे आमच्याच कारखान्यातले अधिकारी. माणूस भला, फक्त घरात मीठ मागतानाही मीटिंगमध्ये बोलल्यासारखं बोलतो. त्यांच्या डोक्यातून निघालं की ओळखीच्या घरांनी मिळून बदलापूरजवळ कुळगावच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला जागा घ्यायची, लहान लहान घरं बांधायची आणि शेजारी म्हणून नव्हे, भागीदार म्हणून राहायचं. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे भांडवल घालायचं, त्यातून आपलेच धंदे उभे करायचे. नाव ठेवलं 'सहवास'. माझ्या भावाने ऐकलं आणि म्हणाला, "ताई, म्हातारपणी आश्रमात चाललीस?" मी त्याला म्हटलं, आश्रमात तेलाचा घाणा नसतो, आमच्याकडे आहे.

घाणा आला, दुकान आलं, पण भाजी कुठून आणायची? आमच्या कुंपणाला लागून होतं ते विठाकाकूचं शेत. जमीन तिच्या बापाची. बापाला मुलगा नव्हता, म्हणून हिरामण घरजावई होऊन इथे आला. तो अंबरनाथला कंपनीत पाळी करायचा आणि ही शेत करायची, डोक्यावर पाटी घेऊन कुळगावच्या बाजारात भाजी विकायची. तिथे बसायच्या जागेवरून तिने भल्याभल्यांना पाणी पाजलंय, हे तीच सांगते आणि दरवेळी त्यात एक माणूस वाढतो. आजूबाजूची शेतं गेली, त्यांच्यावर बिल्डिंगा आल्या, हिरामण गेला. ही मात्र ज्या घरात जन्मली त्याच घरात राहिली. वयाने माझ्यापेक्षा थोडीशीच मोठी, पण सगळी वस्ती काकू म्हणते म्हणून मीही म्हणते. रागावले की विठा म्हणते.

तिचा मुलगा प्रज्वल आणि सून किर्ती बदलापुरात भाड्याने राहतात. जमीन बिल्डरला द्यावी, दोन फ्लॅट घ्यावेत, आईला घेऊन सुखाने राहावं, असं प्रज्वलचं म्हणणं. वाईट पोरगा नाही, नुसता घाईत असतो. विठाकाकूने त्यालाही थांबवलं आणि आम्हालाही तोलून घेतलं. "एक वरीस बगते," ती म्हणाली. "ह्या गुढीपाडव्यापासून त्या पाडव्यापर्यंत माजी भाजी तुमच्या दुकानात. तुमचं जमलं तर जमीन सोसायटीत घालते आनि मी पन भागीदार. नाय जमलं, तर पोरगा म्हनतो तसं. मग बोंबलायचं नाय." गुरुदत्त साहेब "मान्य" म्हणाले आणि त्यांनी तिच्याशी शेकहँड केला. तिने हात पदराला पुसला. आधी नाही, नंतर.

आता निळीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वस्तीतला पैसा वस्तीतच फिरावा, म्हणून आम्ही आमचं कूपन काढलं. आमच्यातली शलाका उल्हासनगरला जीन्सचं वर्कशॉप चालवते. कटिंगमधून उरलेल्या कतरनचे तिने गोल तुकडे कापले, दोन तुकडे पाठीला पाठ लावून नारिंगी दोऱ्याने शिवले, मधोमध पितळी बटण ठोकलं आणि त्यावर आमचा शिक्का. हीच निळी. वर्षातून एकदाच सोसायटीत रुपये भरायचे, तेवढ्या निळ्या घ्यायच्या. रुपये जातात भांडवलात आणि निळ्या फिरतात वस्तीत. त्यावर भाजी, तेल, दूध, शलाकाकडची शिलाई, प्राचीची रविवारची शिकवणी, सगळं मिळतं. विठाकाकूला मी भाजीची निळी देणार, ती त्या निळीने माझ्याकडून तेल नेणार, मी ती दूधवाल्या घरी देणार. कॅन्टीनच्या कूपनसारखंच, फक्त इथे कॅन्टीन आपलंच. दुकान मीच बघते, त्यामुळे निळी कुठून आली, कुठे गेली हे मला नुसत्या नजरेने कळतं.

विठाकाकूने पहिली निळी दाताखाली धरली, मग नखाने शिवण उसवून पाहिली. उसवली नाही. "चिंधी हाय, पन मजबूत हाय," एवढंच म्हणाली. पण गणपती येईपर्यंत तिला निळीचं वेडच लागलं. बाजारात भाव पाडून मागणारी गिऱ्हाइकं, वजनावरून कटकट, संध्याकाळी उरलेला माल फुकटात द्यायचा, हे सगळं सुटलं. इथे सकाळी भाजी आणली की हातात निळी. ती कनवटीला लावायची आणि बटणावर अंगठा फिरवत गप्पा मारायची. "सरकारी नोट कुनाच्या पन हातातून येते," म्हणायची, "ही बग, ही मधुकडून आली. हिला तिच्या फोडनीचा वास हाय." मधु म्हणजे गुरुदत्त साहेबांची बायको. सगळं असं छान चाललं होतं आणि दिवाळी आली.

लक्ष्मीपूजन आम्ही सगळे मिळून वस्तीच्या ओसरीवर करतो. मला देवाधर्माचं वेड नाही, मी आरतीला ताट वाजवायला तेवढी उभी असते. तर विठाकाकू आली, नवं लुगडं नेसून, हातात सूप. सुपात लाह्या, बत्तासे, झेंडू आणि मधोमध तिच्या सगळ्या निळ्या, एकेकीला हळदकुंकू लावलेलं. सूप तिने लक्ष्मीपुढे ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ही आपल्या घामाची लक्षुमी. हिला पयला मान." बायकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मधु उठली, घरी जाऊन आपल्या निळ्या घेऊन आली. मग प्राची, मग शलाका, मग सगळ्याच. गुरुदत्त साहेबांनी फोटो काढले. मीही त्या दिवशी ताट जरा जोरातच वाजवलं, खोटं कशाला बोलू?

पण भाऊबीज झाली आणि दुकान कोरडं पडलं. एक निळी येईना! प्राची ऑफिसातून येताना हळूच विचारी, "मावशी, जीपे करू?" मी म्हणे, "इथे जीपे नाही, इथे निळी." तर म्हणे, "निळी संपली हो." जो तो हेच म्हणतोय. निळीच नाही म्हणून लोक भाजीला स्कूटर काढून बदलापूरला जायला लागले. विठाकाकू पाट्या भरून आणायची आणि मी तिला द्यायला निळी कुठून आणू? पालक पिवळा पडून गाईला गेला. घाण्याचं तेल डब्यात तसंच. विठाकाकू बोलायची नाही, पण पाटी उचलून परत जाताना तिची पाठ बघवायची नाही.

प्रज्वल हे सगळं बघत होता. एका रविवारी तो बिल्डरच्या अल्पेश नावाच्या माणसाला घेऊन आला. अल्पेश अगदी नम्र, बांधावर चपला काढून चालला. विहीर पाहिली, रस्ता पाहिला, गोड हसला. "काकू, जल्दी काहीच नाही," म्हणाला, "पाडव्यानंतर बघू." म्हणजे आमचा करार त्यालाही ठाऊक होता. पाडव्याला तिथे मोजणीवाले उभे राहणार, हे मला त्या दिवशी स्वच्छ दिसलं. माझ्या खिडकीसमोर बिल्डिंग नको होती हे आहेच. पण त्याहून जास्त, मला ही बाई हवी होती, शेजारी, रोज भांडायला. आयुष्यात इतकं जिवाभावाचं भांडण मला दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं.

गुरुदत्त साहेबांनी मीटिंग बोलावली. म्हणाले, चलनाची चणचण आहे, कारणांचा अभ्यास करावा लागेल. शलाका म्हणाली, "आणखी शिवते ना, कतरन पोत्याने पडलीय." साहेब म्हणाले, तेवढे रुपये जमा नसताना नव्या निळ्या काढल्या तर निळीवरचा विश्वास उडेल. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांचाही उपयोग नव्हता. मीटिंग चहावर संपली.

दुसऱ्या दिवशी मधुचा डबा परत द्यायला त्यांच्या घरी गेले. मधु आतून म्हणाली, "कुमुदताई, देवाजवळची उदबत्ती तेवढी विझलीय का बघा." मी बघितलं. देव्हाऱ्यात चांदीच्या वाटीत निळ्या! काठोकाठ! वर कुंकू, वर वाळलेला झेंडू. मी तिथूनच ओरडले, "मधु, हे काय गं?" ती पदराला हात पुसत आली, शांतपणे म्हणाली, "अहो, लक्ष्मीपूजनातली आहे ती. पूजेला लावलेली लक्ष्मी कोणी भाजीला देतं का?" मागे गुरुदत्त साहेब चलनाच्या चणचणीचा तक्ता काढत बसले होते. मी त्यांना हाताला धरून देव्हाऱ्यासमोर उभं केलं. त्यांनी हातातला तक्ता घडी करून खिशात घातला.

मी घरोघर गेले. शलाकाकडे कपाटात, प्राचीकडे देवीच्या फोटोमागे, कुणाकडे तांदळाच्या डब्यात. वस्तीचा सगळा पैसा देवापुढे हात जोडून बसला होता. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. कारण बाहेर काढायला एकही बाई तयार नाही. सगळ्यांचं उत्तर एकच, "विठाकाकूने काढली तर आम्ही काढू."

मी तडक शेतावर गेले. "विठा, तू पूजलीस म्हणून सगळ्यांनी पूजली. आता तूच सोड."

ती खुरपं टाकून उभी राहिली. "पूजेची लक्षुमी दुकानात टाकू? घराची लक्षुमी भायेर काढू?"

"नाही काढलीस तर दुकान बंद होईल. दुकान बंद झालं तर पाडव्याला तुझी जमीन जाईल. कळतंय का तुला?"

"जाऊ दे गेली तर!" ती कडाडली, पण आवाज मध्येच चिरला. "जमीन माज्या बापाची हाय, मला कळत नाय व्हय? पन म्हनून देवापुढची उचलू? मी नाय तसली."

"मग बस लक्ष्मी उराशी धरून, बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर!" असं बोलून मी निघून आले. फार लागलं असणार तिला. मला माझंच लागलं. त्यानंतर आम्ही बोलणं टाकलं. ती भाजीची पाटी दुकानाच्या पायरीवर ठेवून जायची, मी त्या बदल्यात तेल पायरीवर ठेवायची. जगात दोन म्हाताऱ्या इतक्या हट्टी नसतील.

संक्रांत जवळ आली. बायका माझ्या दुकानात हळदीकुंकवाच्या वाणाची चर्चा करत बसल्या होत्या. उल्हासनगरच्या होलसेलमधून प्लॅस्टिकच्या वाट्या आणायच्या की स्टीलच्या चमच्या, यावर वाद रंगला होता. विठाकाकू पायरीवर पाटी ठेवायला आली आणि माझ्याकडे न बघता मधुला म्हणाली, "प्लॅस्टिक काय लुटता गं? लुटायचं तर काय तरी..." आणि बोलता बोलता थांबली. तिचा हात कनवटीकडे गेला. तिथे काही नव्हतं, दिवाळीपासून नव्हतं.

"मधु," ती सावकाश म्हणाली, "लक्षुमी विकायची नाय. पन दिली तर? बाईनं बाईच्या पदरात घातली, तर ते काय विकनं झालं?"

मधु म्हणाली, "नाही हो काकू. ते तर वाण झालं."

मी टुणकन उठले. सगळा अबोला गेला उडत. "मग झालं तर! निळ्याच लुटायच्या. आणि विठा, पहिलं वाण तुझं."

तिचा चेहरा एकदम उतरला. पाटी उचलून ती वळली. "मी कशी देऊ? हिरामन गेल्यापासून मी कुनाच्या हळदीकुंकवाला उभी पन नाय रायली. तुमी करा."

इतके दिवस मला वाटत होतं ही हटून बसलीय. त्या क्षणी मला इतका राग आला, तिचा नव्हे, सगळ्या जगाचा. "अगं, मग माझं काय?" मी ओरडले. "मी तर नवराच केला नाही! मला कुठल्या रांगेत उभी करणार? दिवाळीत ह्या सगळ्यांनी तुझं ऐकलं, तेव्हा कुणी विचारलं का हिरामण आहे की नाही? लक्ष्मी तू बसवलीस ना? मग उठवायची पण तूच."

प्राची हसली, मग सगळ्याच. विठाकाकू हसली नाही. "बगते," म्हणाली आणि गेली.

हळदीकुंकवाच्या दिवशी सगळ्या ओसरीवर काळ्या साड्या नेसून जमल्या. प्रत्येकीच्या पिशवीत आपल्या देव्हाऱ्यातल्या निळ्या, पण हात कुणी बाहेर काढेना. विठाकाकूचा पत्ता नाही. ऊन उतरायला लागलं. मधु माझ्याकडे बघतेय, मी रस्त्याकडे. ही आली नाही तर सगळ्या आपापल्या पिशव्या घेऊन घरी जाणार आणि संपलंच.

ती आली. तेच दिवाळीचं लुगडं, तेच सूप. कुणाशी न बोलता मधुसमोर उभी राहिली, तिला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि एक निळी तिच्या पदरात घातली. मग म्हणाली, "ही घरात ठेवायची नाय. माज्या वानाची शपथ हाय. उद्या दिवस मावळायच्या आत कुमुदच्या दुकानात दिसली पायजे."

मधुने मान हलवली. मग तिने आपली करंडी उचलली आणि हळदीचं बोट विठाकाकूच्या कपाळाकडे नेलं. विठाकाकू मागे सरली नाही. डोळे मिटून उभी राहिली, शाळेत इंजेक्शन घेणाऱ्या पोरीसारखी. मधुने हळद लावली, कुंकू लावलं. विठाकाकू रडली नाही. मी रडले, चांगली नाक पुसत रडले आणि मग ओसरीवर निळ्यांची नुसती लूट झाली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी बाहेर रांग होती. मला भाजी तोलायला हात पुरेनात. तेलाचे डबे गेले, घाणा पुन्हा सुरू झाला, विठाकाकूच्या पाट्या दुपारपर्यंत रिकाम्या व्हायला लागल्या. गुरुदत्त साहेबांनी लगेच नियम केला की दिवाळीत जी निळी पुजायची ती संक्रांतीला लुटायची आणि मधल्या दिवसांसाठी रुपये आधीच जमा करून शलाकाने थोड्या जास्त शिवून ठेवायच्या. हा नियम जणू त्यांनाच सुचला अशा थाटात त्यांनी तो वाचून दाखवला. आम्ही वाचू दिला.

पाडवा आला. विठाकाकूच्या अंगणात गुढी उभी होती. आम्ही सगळे गेलो. प्रज्वल आणि किर्ती होते, आणि अल्पेशही आला होता, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. प्रज्वलने आधीच बोलायला घेतलं, आवाज न चढवता.

"आई, यांचं दुकान चाललं, मला पण आनंद आहे. सीरियसली. पण तू जमीन घालणार, आणि बदल्यात काय? हे?" त्याने तिच्या पुढ्यातली एक निळी उचलली. "याला स्टेशनच्या पलीकडे कुत्रं विचारणार नाही, आई."

विठाकाकूने पदर कमरेला खोचला.

"आनि मला?" ती म्हणाली. "मला कोन विचारनार रे तिकडं?"

प्रज्वल निळी बोटांत फिरवायला लागला.

"तुज्या बिल्डिंगीत मी दार लावून बसनार. लिफ्टमधे बायका मोबाईल बगनार. कुनी म्हननार नाय, विठा, वांगी कवळी हायत का. कुनी भांडायला येनार नाय." तिने माझ्याकडे बोट केलं. "ही येते. रोज येते, डोकं खाते. मी पन ह्या निळीवानी हितंच जन्मली, हितंच वापरली गेली. पलीकडं माजी किंमत कुनाला ठाव हाय?"

अल्पेशने बॉक्स हळूच ओट्यावर ठेवला. प्रज्वलच्या हातात निळी तशीच होती. त्याने ती आईच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटली. मग खाली बघत म्हणाला, "आणि मी, आई? माझं काय?"

"तुला कोन नाय म्हनलंय?" ती म्हणाली. "उद्या सकाळी वांगी तोडायला ये. आल्यावर कुमुद देईल तुला निळी. काम बगून देईल हां, पोरगा बगून नाय."

किर्तीला हसू फुटलं. प्रज्वलने डोळे पुसले आणि विचारलं, किती वाजता येऊ.